‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द बैठकीआधीच लिहिलेले असतील तर

पुण्यातल्या धनकवडीहून एका मातेने पाठवलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून :

‘माझा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. जुलैच्या पालकसभेत शाळा व्यवस्थापन समितीची निवड झाली आणि कोणी पुढे येत नव्हते म्हणून मला अध्यक्ष केले. मी पोळी-भाजी केंद्रात काम करते. बैठकीचा निरोप आदल्या दिवशी मुलाच्या वहीतून येतो आणि बैठक सकाळी साडेअकराला असते. आम्ही चार-पाच जणी पोहोचतो, मुख्याध्यापिका बाई विषय वाचून दाखवतात, चहा होतो आणि वहीवर सह्या होतात. ऑक्टोबरमध्ये मी पहिल्यांदाच ती वही वाचली, तर बोलणे होण्याआधीच तिच्यात “सर्वानुमते मंजूर” असे लिहिलेले होते. विषय वर्गाच्या रंगकामाच्या खर्चाचा होता आणि काम होऊनही गेले होते. मी सही केली नाही. तेव्हापासून बाई माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात. एक शिक्षिका तर म्हणाल्या, “आता कसे शिकवायचे तेही तुम्हीच ठरवा.” इकडे पालकांच्या ग्रुपवर वेगळाच सूर आहे. तिसरीच्या बाई गणित नीट शिकवत नाहीत, अध्यक्षांनी त्यांना बदलून घ्यावे, असे सगळे म्हणतात. शाळा वाईट नाही आणि मुख्याध्यापिका मनाने चांगल्या आहेत. आमच्या हातात नेमके काय आहे आणि काय नाही? मी सही करावी की राजीनामा द्यावा?’

सप्रेम नमस्कार.

राजीनाम्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. न वाचता सही न करणे हे अध्यक्षाचे पहिले काम आहे आणि ते तुम्ही केले आहे. मात्र तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. रंगकामाचा खर्च हा एक आणि तिसरीच्या बाईंचे गणित हा दुसरा. पहिल्यात समितीचा अधिकार पुष्कळ आहे, दुसऱ्यात तो फार थोडा आहे. त्या शिक्षिका जे बोलून गेल्या त्यामागे बहुधा हीच सरमिसळ असावी. ज्या हाताने वही अडवली तोच हात उद्या आपल्या फळ्यापर्यंत पोहोचेल, अशी धास्ती त्यांना वाटली असणार.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहणे ही समितीची मुख्य कामे कलमात स्पष्ट लिहिलेली आहेत. तुमची शाळा महापालिकेची असल्यामुळे हे सर्व तुम्हाला पूर्णपणे लागू आहे. (तुमच्या शेजारणीचे मूल खासगी अनुदानित शाळेत असेल तर तिला तुमचे अनुभव जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतील समितीचे काम केवळ सल्ल्यापुरते राहिले आहे. विनाअनुदानित शाळेत ही समितीच नसते, तेथे शुल्काचा प्रश्न शुल्क विनियमन अधिनियम, २०११ खाली पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो.)

कागदावर पाहिले तर बहुमत तुमचे आहे आणि शिक्षक अल्पमतात आहेत. तरीही तुम्हाला हतबल वाटते आणि त्यांना सुरक्षित वाटत नाही, हे कसे? माझ्या मते याचे कारण असे, की मते पालकांकडे असतात, पण माहिती आणि लेखणी शाळेकडे असते. अनुदान किती आले, ते कोणत्या तारखेपर्यंत खर्च करायचे आहे, कोणते परिपत्रक आले आहे, बैठकीत कोणता विषय घ्यायचा आणि तो कोणत्या शब्दांत मांडायचा, हे सगळे सदस्य-सचिवांना ठाऊक असते आणि त्यांच्याच हातून लिहिले जाते. विषयपत्रिका ज्याच्या हाती, त्याला मतदानाची फारशी चिंता करावी लागत नाही. म्हणून अधिकार वाटून घ्यायचा असेल तर ‘कोणाचे किती चालते’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. विषय समितीपुढे निर्णयाच्या आधी येतो की नंतर, एवढी एकच गोष्ट धरून ठेवा.

हे मी दुरून सांगत नाही. मी नऊ वर्षे मुख्याध्यापिका होते आणि त्या काळात माझ्या वहीतही ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द पुष्कळदा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, माझ्याच अक्षरात, लिहिलेले असत. एका उन्हाळी सुट्टीत मी पिण्याच्या पाण्याची नवी टाकी आणि सहा नळ बसवून घेतले. दर योग्य होता, काम चोख होते, पावत्या जागेवर होत्या. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा पहिलीची मुले टाचा उंचावूनही नळापर्यंत पोहोचत नव्हती, मोठ्या मुलांनी उचलून धरले तरच त्यांना पाणी मिळत होते. चौथ्या दिवशी एका मुलाच्या आईने घराच्या बांधकामातल्या दोन विटा पिशवीतून आणल्या आणि काही न बोलता नळाखाली ठेवल्या. ती बाई समितीची सदस्य होती. टाकीच्या ठरावाखाली तिची सही होती, पण नळ किती उंचीवर लावू, हे मी तिला विचारलेच नव्हते. विचारले असते तर अर्धा मिनिट लागला असता. नळ खाली घ्यायला पुढे पाच महिने आणि दुसऱ्यांदा प्लंबर लागला.

मुख्याध्यापक असे का करतात, हेही समजून घ्या, कारण त्यात नेहमीच लपवाछपवी नसते. अनुदान बहुतेकदा उशिरा येते आणि मार्चपूर्वी खर्ची टाका अशी तंबी सोबत येते. बैठकीला पालक येत नाहीत, आलेले घाईत असतात, आणि मासिक बैठक झाल्याची नोंद तर वरिष्ठांना दाखवावी लागते. मग वही आधी भरून ठेवण्याची सवय लागते. तुमच्या बाई मनाने चांगल्या आहेत असे तुम्हीच लिहिता, तेव्हा हा सवयीचा दोष आहे असे धरून चालावे. हेतूवर शंका घेतली की समोरचा माणूस उत्तर देतो ते हिशेबाला नसते, अपमानाला असते.

आता पैशांचा विषय. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. पट १०१ ते २५० असल्यास ५०,००० रुपये आणि २५१ ते १,००० असल्यास ७५,००० रुपये असे त्याचे वार्षिक प्रमाण आहे आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करणे अपेक्षित आहे. किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य, वीज आणि पाणी असे खर्च त्यातूनच भागवायचे असल्यामुळे रक्कम वाटते तितकी मोठी नाही. या पैशांच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हा समितीचा अधिकार आहे आणि ती तिची जबाबदारीही आहे. केंद्राने याच अधिनियमासाठी नमुना म्हणून काढलेल्या २०१० च्या आदर्श नियमांप्रमाणे हिशेबावर अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि सदस्य-सचिव यांच्या सह्या होऊन तो स्थानिक प्राधिकरणाकडे जातो. म्हणजे उद्या लेखापरीक्षणात प्रश्न निघाला तर बाईंच्या नावाबरोबर तुमचेही नाव त्या कागदावर असेल. ही गोष्ट बाईंना शांतपणे सांगितली तर त्यांना ती पटेल, कारण त्या स्वतः याच भीतीत नोकरी करत असतात.

रंगकामासाठी कार्यालयीन भाषेत एक सोय आहे, तिला कार्योत्तर मान्यता म्हणतात. बैठकीत दरपत्रके, पावती आणि काम झालेल्या खोल्या पाहा. सर्व ठीक दिसले तर ‘काम आधी झाले असून समितीने कागदपत्रे पाहून दिनांक अमुक रोजी कार्योत्तर मान्यता दिली’ अशी खरी नोंद लिहवून घ्या आणि मग सही करा. आधी लिहिलेले ‘सर्वानुमते मंजूर’ खोडून, त्या खाडाखोडीवर दोघींच्या लहान सह्या होऊ द्या. पान फाडायला मात्र सांगू नका, फाडलेल्या पानाचा संशय पुढच्या दहा अध्यक्षांना पुरतो. त्याच बैठकीत दुसरा ठराव घ्या, की किरकोळ खर्चासाठी एक मर्यादा असेल, तिच्या आत मुख्याध्यापिका स्वतःच्या अधिकारात खर्च करतील आणि पुढच्या बैठकीत सांगतील, तिच्या वरचा खर्च मात्र आधी समितीपुढे येईल. मर्यादा किती असावी ते बाईंनाच सुचवू द्या. फुटलेल्या नळासाठी प्लंबर बोलावण्याआधी बाईंना तुमची परवानगी घ्यावी लागत असेल, तर ती शाळा चालणार नाही. या ठरावाने त्यांनाही मोकळीक मिळते, हे त्यांच्या लक्षात आणून द्या.

हजेरीची सही आणि ठरावाची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीला आल्याबद्दल पहिल्या पानावर सही करण्यात कोणतेही बंधन येत नाही. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे आली पाहिजेत, आणि इतिवृत्त बैठक संपताना वाचून दाखवले गेले पाहिजे. आदर्श नियमांनुसार इतिवृत्त लोकांना पाहण्यासाठी उपलब्ध असायला हवे, त्यामुळे त्याची एक प्रत सूचनाफलकावर लावण्याची पद्धत पाडता येईल.

आता तिसरीच्या बाईंकडे येते, कारण येथे मला तुम्हाला थोडे थांबवायचे आहे. शिक्षकाची बदली किंवा नेमणूक हा समितीच्या हातचा विषय नाही, तो महापालिकेच्या शिक्षण विभागाचा आहे. कोणता पाठ कसा शिकवावा, गणितात आधी मणी वापरावेत की थेट आकडेमोड घ्यावी, उत्तरपत्रिका कशी तपासावी, हेही समितीने ठरवायचे नाही. ते शिक्षकाच्या व्यवसायाचे ज्ञान आहे आणि बहुमताने ते बदलत नाही. तुमच्या पोळ्या किती भाजायच्या हे गिऱ्हाइकांनी हात वर करून ठरवले तर तुम्हाला कसे वाटेल? पण कच्ची पोळी परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतोच. त्याच न्यायाने मुलांना काय येत नाही, हे विचारण्याचा तुमचा हक्क पुरता शाबूत आहे. शिक्षकांनी नियमित व वेळेवर उपस्थित राहणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा मदत देणे आणि पालकांच्या नियमित सभा घेणे ही कर्तव्ये याच अधिनियमाच्या कलम २४ मध्ये आहेत.

तेव्हा ‘बाई बदला’ ही मागणी विषयपत्रिकेवर येऊ देऊ नका. त्याऐवजी विषय असा लिहा : ‘इयत्ता तिसरी, हातच्याची वजाबाकी, मुलांना येणाऱ्या अडचणी’. चार-पाच मुलांच्या वह्या, नावे झाकून, टेबलावर ठेवा आणि बाईंना विचारा, की चूक कुठे होते ते आम्हाला दाखवाल का, आणि घरी आम्ही काय करावे. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मी पाहिले होते, की मुले ५२ मधून १७ वजा करताना ४५ लिहीत होती, म्हणजे वरच्या २ मधून खालचे ७ जात नाहीत म्हणून उलटे, ७ मधून २, वजा करत होती. एका वडिलांना ते पाहून हसू आले, कारण त्यांनीही मुलाला घरी ‘मोठ्यातून लहान काढायचे’ असेच शिकवले होते. त्यानंतर त्या बैठकीत बाईंना बदलण्याचा विषय कोणी काढला नाही. दर वेळी असे होईलच असे नाही. बाई खरोखर वर्गावर जात नसतील किंवा मुलांना मारत असतील तर प्रश्न वेगळा आहे. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना बंदी आहे आणि तेथे गोड शब्दांची गरज नाही. मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना सहसा कोणी सांगत नाही. आदर्श नियमांनुसार शिक्षकांच्या गाऱ्हाण्यांची पहिली दाद शाळा व्यवस्थापन समितीकडेच लागते. म्हणजे तुमच्याविषयी रुसलेल्या त्या शिक्षिकेची अडचण ऐकून घेणे हेसुद्धा तुमचे काम आहे. पुढच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटे शिक्षक प्रतिनिधीला बोलू द्या आणि मध्ये कोणी उत्तर देऊ नका. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे कलम २७ सांगते, तरी माहिती भरणे, फोटो पाठवणे, निरनिराळ्या अ‍ॅपवर नोंदी करणे यांत त्यांचे तास जातात. कोणते तास कशात गेले हे समितीने लिहून वर पाठवले तर त्या कागदाला वेगळे वजन येते, कारण तो पालकांनी पाठवलेला असतो. माझ्या अनुभवात शिक्षक आणि पालक यांच्यातला ताण सगळ्यात लवकर अशाच एखाद्या पत्रावर दोघांच्या सह्या झाल्यावर निवळतो.

काही निर्णय असे असतात, की ते ना तुमचे ना त्यांचे, आणि तरीही समितीत यायलाच हवेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. तो समितीला फिरवता येत नाही. पण पुण्यात धुणी-भांड्यांना जाणाऱ्या कितीतरी आया सातच्या आत घराबाहेर पडतात. मग सात ते नऊ मूल कुठे असेल, शाळेचे फाटक किती वाजता उघडेल, तेथे कोण थांबेल? एकाच इमारतीत दोन सत्रे असतील तर वरच्या वर्गांची सुट्टी केव्हा होईल आणि लांबून येणाऱ्या शिक्षकांना त्या वेळा जमतील का? यातला अर्धा भाग फक्त पालकांना ठाऊक असतो आणि अर्धा फक्त शिक्षकांना. अशा विषयावर मत घेण्याची घाई करू नका. बारा जणी एकीकडे आणि शिक्षक प्रतिनिधी एकट्या दुसरीकडे, असा निकाल लागला तरी तो अमलात आणायचा आहे तो त्या एकट्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्या वेळी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला तर बिघडत काहीच नाही. मतदान खर्चाच्या ठरावासाठी राखून ठेवा, जिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर असते.

ग्रुपविषयी थोडक्यात. अध्यक्षाने तेथे बैठकीची तारीख आणि झालेले ठराव एवढेच टाकावे. कोणत्याही शिक्षकाचे नाव घेऊन तेथे चर्चा सुरू झाली तर ‘लेखी द्या, बैठकीत घेऊ’ असे एकदाच लिहावे. दहातले आठ जण लेखी देत नाहीत, आणि जे देतात त्यांचे म्हणणे बहुधा ऐकण्यासारखे असते.

शाळा विकास आराखडा हा शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा विषय. आदर्श नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो आणि तो आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार व्हावा लागतो. पुढील वर्षांचा पट, लागणारे शिक्षक, इमारतीच्या आणि साहित्याच्या गरजा व त्यांचा खर्च असे त्याचे स्वरूप असते. पुष्कळ शाळांत तो मागच्या वर्षाचे आकडे बदलून एका दुपारी लिहिला जातो. रंगकामासारखे विषय तुमच्यापुढे ‘झाल्यावर’ का येतात, याचे उत्तरही येथेच आहे. आराखड्यात ते आधी लिहिले गेले असते तर ऑक्टोबरचा प्रसंग उद्भवला नसता. यंदा तो दोन भागांत लिहा. शाळेने वर्गवार गरजा लिहाव्यात. पालकांनी एकदा सगळी शाळा फिरून यावे, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते का इथपासून पोषण आहाराची चव घेतल्याची नोंद रोज होते का इथपर्यंत पाहावे, आणि आपली यादी वेगळी करावी. यू-डायसवर, म्हणजे शाळांची माहिती नोंदवण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, शाळेने भरलेली माहितीही सोबत ठेवा. दोन्ही याद्या एका टेबलावर आल्या की ज्या गोष्टी दोन्हींत आहेत त्या आधी घ्या, उरलेल्यांवर बोला.

हे सर्व साडेअकराच्या बैठकीत व्हायचे नाही. त्यामुळे बाईंना भेटाल तेव्हा रंगकामाच्या आधी वेळेचा विषय काढा. शाळा सुटल्यानंतरचा तास ठरवा, म्हणजे वर्ग सोडून कोणा शिक्षकाला यावे लागणार नाही आणि मुलांना न्यायला आलेल्या पालकांना दुसरी फेरी पडणार नाही. विषयपत्रिका सात दिवस आधी लेखी मिळावी आणि तिच्यात शेवटचे दोन विषय पालकांनी सुचवलेले असावेत, असे त्यांना सांगा. सात दिवस आधी कळले तर तुम्हालाही केंद्रातून दोन तासांची सुट्टी मागता येईल.